दुसऱ्या गठ्ठ्यातल्या वह्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. उलट याच गोष्टीवर मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या.

तुमच्यापैकी काहींनी ती माझ्या तोंडून ऐकली असेल. अकोल्याच्या कॉलेजातला इंग्रजीचा तास. सरांच्या हातात एक वही. सर म्हणतात, "हे तू लिहिलंस? तू?" वर्ग हसतो. फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोराच्या हातातला खडू घामानं भिजतो. भाषणात मी इथं थांबायचो. पाणी प्यायचो. मग म्हणायचो, "ते पोरगं म्हणजे मी."

ते पोरगं मी नव्हतो. ती पंचशीला होती. मी तिसऱ्या बाकावर बसलेलो होतो.

आता जसं झालं तसं सांगतो.

आम्ही दोघं एकाच वस्तीतले. अकोट तालुक्यात पूर्णेच्या काठाला आमचं गाव. गाव उंचावर, आमची बौद्धांची वस्ती खाली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नाला आणि मधून काळ्या मातीची एक चिंचोळी पट्टी. गिरणी, शाळा, एसटी, दवाखाना, सगळं त्या पट्टीच्या पलीकडे. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी चढायचं आणि पट्टी चार पावलांची व्हायची. चपला हातात घ्यायच्या, एकामागे एक चालायचं. समोरून गावातलं कुणी आलं तर आम्ही पाण्यात उतरायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. असं कर म्हणून मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. पाय आपोआप उतरायचे.

पंचशीलेचे उतरायचे नाहीत. ती दहा वर्षांची असताना एका बाप्यासमोर तशीच उभी राहिली होती. तो म्हणाला, "सरक वो पोरी." ती म्हणाली, "तुमीच सरका. तुमाले पोहता येते, मले नाई येत." तिच्या बापानं त्या दिवशी तिला मारलं. मग तिला जवळ घेऊन रडला. दोन्ही मी पाहिलं.

बारावीनंतर आम्ही दोघंही अकोल्याला गेलो. मी वसतिगृहात, ती मावशीकडे. बी.ए.ला दोघांनी इंग्रजी घेतलं. वस्तीत सगळ्यांना वाटलं, हे आता कलेक्टर होऊनच येतात.

इंग्रजीचे सर शहरातलं मोठं नाव. तीन पिढ्या वकील, घरात पुस्तकांची कपाटं, शिक्षण पुण्यात. आवाज कधी चढला नाही. वर्गात त्यांनी जातीचा शब्द कधी उच्चारला नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना गरजच नव्हती. त्यांच्याकडे दोन गठ्ठे होते.

दर शनिवारी वह्या जमा व्हायच्या. पहिल्या गठ्ठ्यात फी भरणाऱ्यांच्या. दुसऱ्यात फ्रीशिपवाल्यांच्या, म्हणजे आमच्या. कार्यालयाची यादीच तशी होती, हजेरीतही आमचे नंबर शेवटी. पहिल्या गठ्ठ्यातली वही सर लाल शाईनं वाचायचे. खोडायचे, समासात लिहायचे, कुणाची खरडपट्टी काढायचे, कुणाला शाबासकी द्यायचे. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या वहीचं पान उघडायचं आणि एक टिक मारायची. न वाचता. वसतिगृहातल्या एकानं मुद्दाम इंग्रजीच्या वहीत मराठीतून मेसचा बाजार लिहून दिला. वांगी, तुरीची डाळ, मिरची, झाडू एक. टिक आली. आम्ही पोट धरधरून हसलो. हसणं सोपं होतं. टिक म्हणजे काही शिक्षा नव्हे. तक्रार कुणाकडे करणार, आणि काय म्हणून? सर आम्हाला बरोबर म्हणतात, म्हणून?

वह्या वर्गातून स्टाफरूममध्ये पोचवायचं काम माझ्याकडे होतं. एका शनिवारी मी माझ्या वहीला तपकिरी कव्हर चढवलं, नंबर लिहिला नाही आणि वही पहिल्या गठ्ठ्यात सरकवली. माझं आडनाव गावावरून पडलेलं. वाचून कुणाला काही कळत नाही.

वही लाल होऊन आली. मोर्णा नदीच्या पुलावर उभं राहून मी ती तीनदा वाचली. सतरा चुका. आपल्या चुका कुणीतरी वाचल्या याचा एवढा आनंद मला पुढं नोकरी लागल्यावरही झाला नाही.

चार महिने मी असंच केलं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या कुणालाही सांगितलं नाही. पंचशीलेलाही नाही. तिनं ते स्वतः पकडलं.

"काहून रे भाऊ, तुह्या वहीत लाल शाई, अन् माह्या वहीत नुसती काडी?"

सांगावं लागलं. ती लगेच म्हणाली, "मंग माही बी ठेव."

मी दोन शनिवार टाळलं. एकाची चोरी खपते, दोघांची खपत नाही, हे मला कळत होतं. तिसऱ्या शनिवारी ती वहीला कव्हर चढवूनच आली. माझ्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली. मी ठेवली.

त्या आठवड्याचा शब्द होता इस्थमस. सरांची ती पद्धत होती. भूगोलातला एखादा आडवळणाचा शब्द द्यायचा आणि त्याची दोन वाक्यं मागायची. एक जमिनीवरचं, एक मनातलं. हा शब्द फळ्यावर लिहून त्यांनी सांगितलं, उच्चार इस्मस, मधला ध्वनी गिळायचा. शाळेच्या पुस्तकात आपण संयोगभूमी म्हणतो ते. दोन मोठ्या भूभागांना जोडणारी अरुंद जमीन, दोन्ही बाजूंना पाणी. मग हात झटकत म्हणाले, "पहिलं वाक्य कुणीही लिहील. दुसऱ्याला संस्कार लागतात."

हे ते कुणाकडे बघून म्हणाले नाहीत. तरी मागच्या तीन बाकांनी माना खाली घातल्या.

पुढच्या शनिवारी वह्या तपासून आल्या, तर वर्गभर पनामा होतं. माझंही पनामाच. मनातल्या वाक्यात मी आशा ही दुःख आणि सुख यांच्यातली संयोगभूमी आहे असं काहीतरी लिहिलं होतं, मिठाईच्या खोक्यावर छापतात तसलं. सरांनी त्याला 'छान' दिलं होतं. मग त्यांनी एक वही उचलली, खिडकीजवळ गेले आणि म्हणाले, "हे ऐका."

वाक्यं इंग्रजीत होती. मी मराठीत देतो. पहिलं: "आमची वस्ती गावाला एका संयोगभूमीने जोडलेली आहे, पाऊस आला की आम्ही चपला हातात घेऊन ती ओलांडतो." दुसरं: "हजेरी ही माझ्या आणि या कॉलेजच्या मधली संयोगभूमी आहे, रोज माझं नाव घेतलं जातं तेवढा वेळ आम्ही जोडलेले असतो."

सरांनी दुसरं वाक्य दोनदा वाचलं. "बघा. ना पनामा, ना सुवेझ. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. शब्द आधी पायाखाली घेतला, मग डोक्यात. ही दृष्टी शिकवता येत नाही. ही घरातून येते."

मग नाव बघायला त्यांनी पहिलं पान उघडलं.

मी तो चेहरा पाहिला आहे. राग नव्हता. जेवताना दाताखाली खडा आल्यावर होतो तसा चेहरा. त्यांनी चष्मा काढला.

"पंचशीला कोण?"

"मी, सर."

"हे तू लिहिलंस? तू?"

"हो, सर."

"कुठून उतरवलंस?"

"आमच्या गावातून, सर. थे जागा हाये तिथं."

वर्ग फुटला. सर हसले नाहीत. म्हणाले, "इंग्रजी राहू दे. आधी मराठी तरी येऊ दे."

तिला फळ्याशी बोलावलं. नवा शब्द दिला, हिंटरलँड. बंदरामागचा मुलूख. दोन वाक्यं, आत्ता, सगळ्यांसमोर. तिनं पहिलं लिहिलं, वऱ्हाडातल्या कापसाबद्दल. बरोबर होतं. दुसरं लिहिताना हात घामेजला, खडू दोनदा सुटला आणि स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालं. सरांनी त्या जागेभोवती गोल काढला. सावकाश, पूर्ण गोल.

"झालं सिद्ध. आणि ही वही या गठ्ठ्यात कशी आली?"

मी बाकावरच्या कोरलेल्या नावांकडे बघत राहिलो. मान वर केली तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा. मग सरांकडे.

"मीच ठेवली, सर."

"म्हणजे चोऱ्या दोन. माफीनामा द्यायचा. इंग्रजीत. तुला येणार नाही." सरांचं बोट बाकांवरून फिरत आलं आणि माझ्यावर थांबलं. "तू लिही रे. तुझं इंग्रजी बरं आहे. तिची सही घे आणि मला आणून दे."

भाषणात हे मी कधीच सांगितलं नाही. माफीनामा मी लिहिला. मधल्या सुट्टीत, वाचनालयात बसून. "दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून सादर केल्याबद्दल" या ओळीसाठी मी शब्दकोश काढून जास्त चांगलं क्रियापद शोधलं. सरांनी तेवढं मागितलंही नव्हतं. अक्षर मी सुंदर काढलं. आणि लाज वाटायची सोडून, सरांनी एवढ्या वर्गातून मला निवडलं याचं आत कुठंतरी बरं वाटत होतं. हे लिहिताना आज हात थांबतो. पण तसं वाटत होतं.

पंचशीलेनं व्हरांड्यात उभं राहून ते वाचलं. शेवटपर्यंत.

"चांगलं लिहलं. लय चांगलं."

"सही कर न शीला. एका सहीनं काय होते?"

"मंग तूच कर. अक्षर बी तुहंच हाये."

कागद माझ्या शर्टाच्या खिशात खोचून ती जिना उतरून गेली. पुढच्या सत्राचा तिचा अर्ज कार्यालयानं घेतला नाही. माफीनामा जोडलेला नाही, एवढंच कारण. तिचा बाप माझ्याकडे आला होता. "बापू, थ्या साहेबाशी बोलतं का जरा? तुहं आयकतात म्हनते." मी म्हणालो, बोलतो. बोललो नाही. पुढं ती एसटीत कंडक्टर लागली.

मी एम.ए. केलं. अमरावतीत प्राध्यापक झालो. जयंतीला, धम्मपरिषदांना, शाळा-कॉलेजांत मला बोलवायला लागले. अचलपूरला पहिल्यांदा मी हा प्रसंग सांगितला, "आमच्या वर्गात एक मुलगी होती" असा. लोकांनी ऐकून घेतलं. एक जण जांभई देत होता. पुढच्या गावात माझ्या तोंडून "मी" निघालं. मुद्दाम ठरवून नव्हे, असं मी स्वतःला सांगत आलोय. सभागृह उभं राहिलं. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यानंतर मी पुन्हा कधी "एक मुलगी" म्हणालो नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये अकोटला कार्यक्रम होता. भाषण झालं, फोटो झाले. मंडपातून बाहेर पडताना एक बाई समोर आली. पांढरी साडी, पिकलेले केस, खांद्याला पर्स. मी ओळखलं नाही, हे आधी लिहून टाकतो.

"जय भीम, भाऊ. चांगलं सांगून राहिला होता."

आवाजानं ओळखलं. माझ्यासोबत आयोजक होते. त्यांना वाटलं जुनी ओळख, सेल्फी वगैरे. एकानं मोबाइल काढलासुद्धा.

"शीला…"

"समदं बरोबर सांगतलं. घाम, खडू, थो गोल. माफीनामा कोनी लिहला, थेवढं राहिलं." तिनं घड्याळ पाहिलं. "चालली मी. गाडी हाये माही."

आयोजकानं विचारलं, "सर, कोन होत्या या?" मी म्हणालो, "गावाकडच्या."

म्हणजे पुन्हा तेच. या वेळी तर समोर सरही नव्हते.

जूनमध्ये अकोल्याच्या त्या कॉलेजचं माजी विद्यार्थ्यांचं संमेलन निघालं. सरांचा सत्कार, आणि सत्काराचं भाषण माझं. माझ्या भाषणांत मी सरांचं किंवा कॉलेजचं नाव कधी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला अडचण वाटली नाही. मी हो म्हणालो. का म्हणालो? सरांनी मला बघावं म्हणून. पन्नाशीतही.

कार्यक्रमाआधी स्टाफरूममध्ये चहा होता. सर ऐंशीचे झालेले, हातात काठी, बोलणं तसंच खालच्या पट्टीतलं. मला जवळ बसवून घेतलं.

"तू तुझी वही त्या गठ्ठ्यात सरकवायचास," ते म्हणाले. "आठवतं?"

मी बशी टेबलावर ठेवली.

"अरे, यादी माझ्या खणात असायची. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हटलं, असू दे. एखाद्याला वर घ्यावं. एक वर आला की बाकीचे दार वाजवत नाहीत." ते कौतुकानंच सांगत होते. माझी पाठ थोपटत. "आणि तू शहाणा होतास. ती पोरगी नव्हती. वाक्य मात्र तिचंच होतं हं. वाचतानाच कळलं मला. पनामात कोण चपला हातात घेऊन चालतं?"

"मग माफीनामा कशाला मागितला, सर?"

"गठ्ठा बदलला होता ना तिनं."

बिस्किट चहात बुडवून त्यांनी ते खाल्लं.

तीस वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना फसवून आत शिरलो. माझी हुशारी, माझी हिंमत. ती लाल शाई मी मिळवलेली नव्हतीच. ती माझ्यापुढं टाकलेली होती, आणि मी ती चाटत होतो. बाकीच्यांनी दार वाजवू नये म्हणून यांनी मला दारात बसवलं. आणि मी बसलो. तिथं बसून गावोगाव दाराविरुद्ध भाषणं दिली.

व्यासपीठावर निवेदिकेनं माझी ओळख "सरांचा मानसपुत्र" अशी करून दिली. माझ्या हातात शाल दिली, सरांना पांघरायला. मी ती टेबलावर ठेवली. माइक घेतला.

"ही शाल मी घालणार नाही," मी म्हणालो. लोकांना वाटलं, विनोद. काही जण हसले.

मग मी सगळं सांगितलं. दोन गठ्ठे. टिक. वही कुणी ठेवली. माफीनामा कुणाच्या अक्षरात होता. आणि पाऊण तासापूर्वी चहाच्या टेबलावर सर काय म्हणाले, ते शब्दाला शब्द. पंचशीलेचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. तिची दोन्ही वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली. मग सांगितलं, या प्रसंगावर मी वीस वर्षं माझं नाव लावून भाषणं केली. सरांनी तिला चोर म्हटलं. चोरी मी केली.

निवेदिका चिठ्ठी घेऊन आली, वेळ संपली म्हणून. मागून कुणीतरी ओरडलं, "बोलू द्या न त्याले!" पुढच्या रांगेतला एक जण उठला, "ही जागा आहे का हे बोलायची?" मी विचारलं, कोणती जागा आहे, सांगा, तिथं येतो. तो खाली बसला.

सरांनी माइक मागितला नाही. शेजारच्याला म्हणाले, पण त्यांच्या समोरच्या टेबलावरचा माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "शेवटी मूळ दाखवलंच."

मी म्हणालो, "हो, सर. उशिरा दाखवलं, एवढीच माझी चूक."

उतरून बाहेर आलो. दुपारचं ऊन होतं. अकोटच्या आयोजकाला एसटी डेपोत चौकशी करायला लावून तिचा नंबर मिळवला आणि फोन लावला. मागं डेपोतला गलका ऐकू येत होता.

"शीला, आज बोललो मी. अकोल्यात. सरांसमोर."

"बरं."

"सगळं सांगितलं. माफीनाम्याचंही."

"बरं मंग?"

"मी घरी येतो. माफी मागायची आहे."

ती हसली. ते हसणं मऊ नव्हतं.

"माह्या घरी कायले येतं? माफ्या लिहाची तुले जुनी सवय हाये. मले काय सांगतं? मले तं समदं मालूम हाये. ज्याईले खोटं सांगतलं, त्याईले जाऊन सांग. ठेव आता, गाडी लागली."

जुन्या डायऱ्या काढून मी गावं उतरवून काढली. एकेचाळीस भरली. अकोटला जाऊन आलो. दर्यापूरला जाऊन आलो. दर्यापूरला आपलीच माणसं चिडली. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "सर, आता हे उकरून कायले आपलीच बदनामी करता? तिकडचे लोक टपून बसले आहेत." मी त्याला म्हणालो, तिकडच्यांचं काय करायचं ते आपण मिळून करू, पण तिची गोष्ट माझ्या नावावर ठेवून मी कोणत्या तोंडानं त्यांच्याशी लढू? त्याला पटलं नाही. जेवण न करता निघालो. कुणी थांबवलं नाही.

आता कुठलंही बोलावणं आलं की मी आधी विचारतो, त्या गावाला मी पूर्वी येऊन गेलोय का. गेलो असेन तर भाषणाचा विषय मी ठरवतो. नसेन तर येत नाही म्हणून सांगतो. सरांच्या घरून एक पत्र आलं, बदनामीबद्दल जाहीर दिलगिरी मागणारं. मी ते परत पाठवलं. खाली एक ओळ लिहिली: यापुढे या हाताने कुणाचाही माफीनामा लिहिला जाणार नाही, माझा स्वतःचाही.

हे लिहून झालं म्हणून यादीतलं एकही गाव कमी होत नाही. कागदावर कबूल करणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

पंचशीलेची कॉलेजातली वर्षं मी देणं लागतो. ती मला कधीच देता येणार नाहीत. एकोणचाळीस गावं देता येतात. ती मी देणं लागतो.